बेटावरची बाटली आणि काकांचा बटाटा

आमच्या इमारतीत अशी बोलवा आहे, की काका दवाखान्यातलं स्पिरिट पितात. जिन्यात त्यांच्या शेजारून गेलं की भपकारा येतो, म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी तर दोन्ही भुवया वर टांगून सांगतात, "बाई गं, सकाळी सकाळी!"

साफ खोटं. काका दवाखान्यात ड्रेसर आहेत. दिवसभर जखमा पुसायच्या, पट्ट्या बांधायच्या. तो वास त्यांच्या बाह्यांत मुरलाय. स्वतः ते शनिवारी एकच पेग घेतात आणि त्यात इतकं पाणी, की काकू म्हणते, "हे पाणीच पितात, रंग लावून."

व्यसन आहे ते संशयाचं. दूध हुंगणार, नवा साबण हुंगणार. कोणी खाऊ आणला तर आधी खिडकीत ठेवणार. मुंगी शिवली नाही, तर आम्हीही शिवायचं नाही. मी त्यांचा आवाज काढून याची नक्कल करते, ती घरात सगळ्यांना पाठ आहे.

त्यामुळे ताईने, म्हणजे काकांच्या मुलीने, स्वतःच पसंत केलेला मुलगा घरी येणार म्हटल्यावर तिचा जीव टांगणीला लागला. काकांनी नाही म्हटलं की संपलं. मुलगा मालवाहू जहाजावर वीज सांभाळतो. हे कळल्यावर काकांचा पहिला उद्गार, "जहाज? म्हणजे दर बंदरात एक सासरा."

तो आला आणि टेबलावर बाटली ठेवली. "काका, सिंगल माल्ट व्हिस्की आहे. स्कॉटलंडच्या एका बेटावरची. जहाज तिथे लागलं होतं, भट्टीवर जाऊनच घेतली."

"हं." काकांनी बाटली उजेडात धरली. "फिकी आहे. पाणी घातलंय."

"नाही काका, ते वरून रंग घालत नाहीत, म्हणून..."

"आणि हे काय, बूच? फिरकीचं झाकण नाही? म्हणजे कोणीही काढावं, कोणीही लावावं!"

बूच टप्पकन निघालं. काकांनी नाक लावलं आणि खुर्चीत ताठ झाले. "टिंक्चर!"

"अहो, काय?" काकू दचकली.

"टिंक्चर आयोडीन. वर जळकी पट्टी. आमच्या वॉर्डातला वास मला ओळखता येत नाही? माझ्या घरात येऊन मला टिंक्चर पाजतोय!"

मुलगा घाईघाईने सांगायला लागला. "काका, तिथे दलदलीतली माती खणून वाळवतात, जाळतात, तिच्या धुरावर जव सुकवतात. तो वास..."

"माती जाळतात? का, लाकडांनी काय घोडं मारलंय?"

"अहो, पाहुणा आहे तो," काकू दबक्या आवाजात म्हणाली.

"म्हणूनच. बटाटा आण."

"आत्ता?"

"बटाटा आण! टिंक्चर असेल तर बटाटा काळानिळा पडतो. पडला, की लग्नाचा विषय बंद."

ताईने माझं मनगट धरलं ते रक्त थांबेपर्यंत. बटाटा मधोमध कापला गेला. काकांनी चमच्याने त्यावर चार थेंब सोडले. आमची सगळ्यांची डोकी बशीवर. बटाटा पांढराच. नुसता ओला. खोलीभर मात्र धुराचा वास.

"बटाट्यातच खोट असणार," काका म्हणाले. आत जाऊन खरं टिंक्चर घेऊन आले, उरलेल्या अर्ध्या भागावर टाकलं. तो क्षणात काळानिळा.

"बटाटा चांगला आहे हो," काकू म्हणाली.

काकांनी दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली. "आधी तू."

मुलाचा चेहरा पडला. "काका, मी घेत नाही."

"असं? मला आणलीस आणि स्वतः घेत नाहीस?"

आता सुटका नव्हती. त्याने घोट घेतला. डोळ्यांतून पाणी, कानाच्या पाळ्या लाल. ताई मागून खुणा करतेय, छान म्हण, छान म्हण. तो म्हणाला, "काका, खरं सांगू? चुलीतली राख कालवून प्यायल्यासारखं लागतंय."

ताईने डोळे मिटले. काकांनी, पाणी घालायचं विसरून, स्वतःचा घोट घेतला. तोंडात इकडून तिकडे फिरवला. "राख आहेच. वर खारट. समुद्रात भिजलेली पट्टी." मग थांबले. "पण मागून गोड येतंय. कुठून येतंय?" आणि ग्लासात असे वाकून बघायला लागले, जणू तळाशी कोणी लपलंय.

मुलगा गेल्यावरही ते ग्लासात बघत "हं, हं" करत होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही नाहीच म्हणणार. पैज."

"हरलीस तर लग्न होईपर्यंत माझी नक्कल बंद."

"कबूल."

त्यांनी तिथेच फोन लावला. "हं. मी बोलतोय. सासऱ्यासमोर स्वतःच्याच बाटलीला राख म्हणालास ना? रविवारी आईवडिलांना घेऊन ये. काय? नाही, अजून संशय आहेच मला. बाटलीवर आहे, तुझ्यावर नाही."

ताई किंचाळली. मी हरले. काकांचा आवाज काढायची बंदी आहे. लिहून काढायची कोणी घातली नव्हती.