मिरज ते मंगळवार पेठ, पाऊण तास

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्याला मी आजवर चारचौघांत खोटा पाडत आलोय. मंगळवार पेठेत माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. चाक फिरलं तर काटा फिरतो, एवढंच मी मानतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

दुसरा नाद कबुतरांचा. मिरजेत सोडलेलं माझं पाखरू पाऊण तासात आमच्या माडीवर उतरायचं. आगगाडीला दोन तास लागतात, पण पाखराला ना वळण ना स्टेशन! ही फुशारकी मी पेठभर मारायचो.

आमच्या संस्थानच्या सध्याच्या महाराजांना तेव्हा गादीवर बसून आठ-दहा वर्षं झाली असतील. माझी धाकटी बहीण हलीमा पोटाच्या ऑपरेशनसाठी मिरजेच्या एका दवाखान्यात होती. मेहुणा रशीद तिच्यासोबत निघाला, तेव्हा मी त्याच्याकडे करंडीत दोन कबुतरं दिली. ऑपरेशन नीट झालं तर पांढरं सोडायचं. जिवावर बेतलं तर काळं. दुसऱ्याच दिवशी पांढरं आलं. अम्मानं शेजारीपाजारी साखर वाटली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता काळं उतरलं... पायात मीच घातलेला पितळी वाळा. पाखरू खुराड्यात कोंडून मी किल्ली अम्माच्या हातात दिली आणि नऊची गाडी धरली.

दवाखान्यात पोचलो तर हलीमा उशीला टेकून पेज पीत होती!

रशीद म्हणाला, "मी सोडलंच न्हाय की ओ. ह्ये काय, करंडीत हाय."

बघितलं. तेच पाखरू, तोच वाळा.

मी डॉक्टरांच्या अक्षरशः पाया पडलो — पुन्हा एकदा तपासा. ते हसले. "ताप नाही, जखम कोरडी आहे. परवा घरी न्या." आता कुणाला काय सांगणार?

मला एकच सुचलं. करंडी मांडीवर घेतली आणि झाकण दाबून बसलो. पाखरू आत आहे तोवर तिला काही होणार नाही... घड्याळजी माणूस मी, आणि असलं मानायला लागलो!

हलीमा म्हणाली, "भाई, सोड की त्येला. मी बरी हाय आता. मुक्या जिवाला किती दिस कोंडायचं?"

"गप पड," मी खेकसलो.

"व्हय बाबा, तुला बहिणीपरीस पाखरूच प्यारं," म्हणत ती कुशीवर वळली.

चारच्या सुमाराला तिला धाप लागली. डॉक्टर धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझा हात झाकणावरच होता.

घरी आलो तर खुराड्याला कुलूप तसंच, आत काही नाही. अम्मा शपथेवर सांगते, दुपारी तिनं त्याला ज्वारी घातली होती. लोक म्हणतात, रेल्वेचं घड्याळ गावच्या घड्याळाच्या पुढं चालतं, त्यात तुझा वेळेचा घोळ झाला. अहो, पण करंडीतनं न सुटलेल्या पाखराला कुठला टाइम लावायचा? तिच्याजवळ बसायला मला पाच तास मिळाले होते... तेवढ्या वेळात मी तिच्याशी एक शब्द धड बोललो नाही.