धाकटीची भिंत

थोरलीला विचाराल, तर तारघर तिनं वाचवलं. आणि ते खोटंही नव्हतं. तारा पाठवणं बंद होऊन जमाना झाला होता, इमारतीत कबुतरं सुखानं नांदत होती, आणि नगरपालिका ती पाडून गाड्या उभ्या करायला जागा करणार होती. तेव्हा ही बाई शिवणाचं मशीन झाकून दारोदार सह्या गोळा करत हिंडली. कुणी तोंडावर दार लावलं, कुणी "घरी कामं नाहीत का हो तुम्हाला?" म्हणून विचारलं. तिनं चपला झिजवल्या, पण सह्या आणल्या. पाडकाम थांबलं आणि तिथं वाचनालय करायचं ठरलं. मजूर लावणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून गल्लीतलीच माणसं दर रविवारी हातात थापी घेऊन जमू लागली. त्या सगळ्यांची ती 'वहिनी'.

मग धाकटी आली. धाकटी म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको, शेजारच्याच दारात राहणारी. थोरलीनंच आग्रह केला होता, "चल गं, घरात बसून काय करतेस?" आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला म्हणा! चुन्याचा गिलावा धाकटीच्या हाताखाली साईसारखा पसरायचा. थोरलीचा भिंतीवर कमी आणि कपड्यांवर जास्त. सगळ्यांना शिकवणारा म्हातारा गवंडी, ज्यानं थोरलीला आजवर "बरंय" यापलीकडे शब्द दिला नव्हता, तो धाकटीला पहिल्याच दिवशी म्हणाला, "वा, पोरी!" झालं. तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच. बघता बघता 'वहिनी' म्हणजे धाकटी झाली आणि ही 'मोठ्या वहिनी'. मोठ्या! म्हणजे काय, कोपऱ्यात टेकवून ठेवायच्या?

"अगं, तुझीच जाऊ ना? कौतुक वाटायला हवं," नवरा मिश्किलपणे म्हणाला.

"वाटतंय की. उतू चाललंय!" म्हणत तिनं भाजीचं पातेलं आदळलं.

तारघर उघडायची वेळ जवळ आली. वाचनालयाचा कारभार कुणी बघायचा, ते येत्या रविवारच्या बैठकीत ठरणार होतं. थोरलीचा त्या खुर्चीत जीव अडकला होता. खिडकीजवळ टेबल कुठं ठेवायचं, पुस्तक फाडणाऱ्याला कसं झापायचं, सगळं तिनं मनाशी योजून ठेवलं होतं. आणि लोक आता कुजबुजायला लागले होते की धाकट्या वहिनी बऱ्या, हसतमुख तरी आहेत.

त्याच आठवड्यात धाकटीच्या आईनं अंथरूण धरलं. माहेरी निघताना धाकटी घाईघाईनं थोरलीकडे आली. चुन्याचा गिलावा ओला ठेवला तर मुरतो, एकदम वाळला तर तडकतो. म्हणून तारघरात रिवाजच होता, ज्यानं भिंत केली त्यानंच तिच्यावर गोणपाटं टांगायची आणि पाणी मारून ती ओली ठेवायची. दुसऱ्याच्या भिंतीला कुणी हात लावत नसे.

"ताई, मोठ्या दालनातली माझी भिंत अगदी ताजी आहे. दुपारचं ऊन येतं तिथं. तेवढं पाणी बघाल?"

"बघते की. तू आईकडे बघ."

पहिल्या दिवशी तिनं खरंच मनापासून पाणी मारलं. नळ अंगणात, बादल्या वाहून कंबरेचा पार काटा ढिला झाला. रिकामी बादली घेऊन दम खात होती, तेवढ्यात शाळेतले सर आणि औषधवाला आले. गोणपाट बाजूला करून सरांनी भिंतीवर हात फिरवला. "काय हात आहे हो धाकट्या वहिनींचा! काच वाटते, काच." मग हिच्याकडे वळून, "तुमच्या भिंतीला पाणी मारायला आलात वाटतं? जरा सरका, उजेड अडतोय."

दुसऱ्या दिवशी थोरलीनं ती गोणपाटं उतरवली आणि आपल्या भिंतीवर नेऊन टांगली. तिची भिंत केव्हाच मुरली होती, तिला पाण्याची काडीचीही गरज नव्हती. तरी रविवारपर्यंत ती तिलाच न्हाऊमाखू घालत राहिली.

रविवारी सगळे जमले, तर धाकटीची भिंत वरपासून खालपर्यंत तडकलेली. गवंड्यानं बोटानं ठोकून पाहिली. "पोकळ झाली. खरवडा."

धाकटी प्रवासातून थेट तिथंच आली, हातात पिशवी तशीच. लोकांची तोंडं सुटली होती.

"ओली भिंत टाकून जातं का कुणी?" औषधवाला म्हणाला. "निदान कुणाला सांगून तरी जायचं!"

थोरलीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

धाकटीनं भिंत पाहिली. मग थोरलीच्या भिंतीवरची, अजून ठिबकणारी गोणपाटं पाहिली. मग थोरलीकडे पाहिलं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "घाईत निघाले, कुणाला सांगायचं राहूनच गेलं. मी करीन पुन्हा."

लगेच वारं फिरलं! "जाऊ द्या हो, आई आजारी, विसरणारच माणूस." "मुकाट्यानं कबूल केलं, त्याला मोठं मन लागतं." सर म्हणाले, "वाचनालयाला असंच माणूस हवं." गवंड्यानं तर तिच्या पाठीवर थाप मारली.

थोरलीला कळत होतं, गप्प बसलं की आपण सुटलो. ही पोरगी जन्मात कुणाला सांगायची नाही. उद्या दारात येईल, हसून "ताई, चहा टाकू?" विचारेल. या विचारासरशी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भिंत हिची, कौतुक हिचं, आणि पाप आपण करायचं तर त्याचाही मोठेपणा हिलाच?

"खोटं बोलतेय ती!" थोरली ओरडली. "मला सांगून गेली होती. मी हो म्हणाले होते. गोणपाटं मी काढली. मुद्दाम काढली!"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. खुर्ची गेली, हे थोरलीला लख्ख दिसत होतं.

"ताई, कशाला उगाच..." धाकटी पुढे आली.

थोरलीनं तिचा हात झटकला. ती भांडल्यासारखीच बोलली. "सगळं घेतलंस, घे. पण हे मी केलंय. एवढं तरी माझं मला राहू दे."