आईचा आवाज असलेल्या फाइल्स

मंडळी, आज उल्हासनगरहून हात हलवत परत आले. मन कशातच लागत नाहीये, म्हणून लिहितेय.

आईच्या घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधी मी तिचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. बेलवलीतलं लहानपण, सासरचे दिवस, मनातलं बरंच काही. ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला तो गेलाच. घरातला कॉम्प्युटर सगळेच वापरतात, दुसऱ्या कुणी ऐकू नये म्हणून मीच त्या फाइल्स माझ्या लॉगिनमधून एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केल्या. गेल्या महिन्यात विंडोज नव्याने टाकून घेतलं आणि त्या उघडेनात.

आज तिथल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या सिंधी काकांनी तासभर खटपट केली. मग म्हणाले, "बेटा, फाइल तो है, पर उसकी चाबी पुराने विंडोज के साथ गई. चाबी का बॅकअप लिया था क्या?"

अशी चावी वेगळी जपून ठेवायची असते, हेच मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर आईने खुणेनेच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिने वहीत लिहिलं, "जाऊ दे. तुला आठवतो ना माझा आवाज?"

मी हो म्हटलं. खोटं बोलले.

तुमच्यापैकी कुणाची अशी फाइल पुन्हा उघडली आहे का? नसेल उघडली, तरी सांगा.