घरातला समुद्र उपसला तेव्हा

लग्न होऊन मी परतूरच्या घरात आले तेव्हा समोरच्या खोलीत काचेची चार फुटी टाकी होती आणि तिच्यात खाऱ्या पाण्यातलं प्रवाळ वाढत होतं. टाकी यांच्या पहिल्या बायकोनं उभी केलेली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. आजारपणात ती गेली आणि त्यानंतर काही वर्षांनी, दोघांचीही चाळिशी उलटलेली असताना, आमचं लग्न झालं. माझं ते पहिलंच. मी पोस्टात नोकरी करते. यांचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या घरातले दिवे एक वेळ जातील, टाकीचे पंप कधी बंद पडत नाहीत.

टाकीला हात लावू नको असं मला कुणी म्हटलं नव्हतं. पण हे रोज सकाळी आंघोळ करून तिच्यापुढे उभे राहायचे, उडून गेलेल्या पाण्याएवढं आरओचं पाणी वरून घालायचे, काच पुसायचे, माशांना चिमूटभर खाणं टाकायचे. हे सगळं न बोलता. ते पाहून मी आपली टाकीसमोरची फरशी तेवढी पुसत राहिले. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता. त्याच्याकडे मी कमी बघायची आणि टाकीकडे जास्त.

हळूहळू मला त्या पाण्याची गोडी लागली. नारंगी-पांढऱ्या क्लाउनफिशची जोडी होती. त्यातली मोठी मादी, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. पिवळाजर्द एक मासा सारखा दगडांना चोची मारत फिरायचा. आणि मधोमध एका मोठ्या खडकावर भल्या मोठ्या अळंबीसारखं एक प्रवाळ होतं. त्याला लेदर कोरल म्हणतात. दिवा लागला की त्याच्या टोपीवर बारीक बारीक बोटं उमलायची आणि पाण्याबरोबर डोलायची. तिनं ते आणलं तेव्हा नखाएवढं होतं, असं यांनी एकदा सांगितलं. टाकीबद्दल यांनी आपणहून सांगितलेली ती पहिली गोष्ट.

दुसऱ्या वर्षी मला त्या खडकांवर खजुराच्या झाडासारखे दिसणारे पारदर्शक जीव दिसायला लागले. मला वाटलं, नवं काही छान उगवलं. मी कौतुकानं यांना दाखवलं, तर यांचा चेहरा उतरला. ते आधीपासून होते, आता वाढले होते. मग मी मोबाईलवर वाचत गेले आणि कळलं की हे प्रवाळाच्या टाकीतलं तण आहे. आजूबाजूच्या प्रवाळाला डंख मारतं, आणि खरवडून काढायला जावं तर तुकड्या-तुकड्यातून पुन्हा उगवतं. तळची वाळूही काळी पडत चालली होती. छत्रपती संभाजीनगरला ज्या दुकानातून आम्ही मीठ आणि खाणं आणायचो, तिथल्या माणसाला फोटो पाठवले. त्यानं सांगितलं की टाकी खालून खराब झाली आहे, ती पूर्ण उघडावी लागेल, वाळू टाकून द्यावी लागेल आणि जास्त खराब झालेले खडकही.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिनं रचलेलं आहे. राहू दे."

मी विषय सोडला. पण महिन्याभरात तो पिवळा मासा मेला. यांनी तो जाळीनं काढला, अंगणात जास्वंदीखाली पुरला आणि त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. संध्याकाळी जेवताना मी धीर करून म्हणाले की आहे तसंच ठेवलं तर तिचं काहीच उरणार नाही. यांनी जेवण संपवलं, हात धुतले आणि म्हणाले, "मामींना विचारतो."

मामी म्हणजे यांच्या पहिल्या सासूबाई. शहागडला राहतात. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की मी आल्याशिवाय काही काढू नका.

मला धडकीच भरली. त्यांची माझी गाठ एकदाच पडली होती, आमच्या लग्नात. त्यांनी माझी ओटी भरली होती आणि मी पाया पडले होते. आता त्या लेकीची टाकी मोडायला निघालेल्या बाईला बघायला येणार, असंच माझ्या मनानं घेतलं.

त्या शनिवारी दुपारी आल्या. एसटी बदलत बदलत आल्या होत्या, पिशवीत मोसंब्या होत्या. चहा झाल्यावर टाकीपुढे खुर्ची ओढून बसल्या. मी मागच्या व्हरांड्यात निळ्या ड्रमात मीठ ढवळत होते, कारण नवं खारं पाणी आदल्या दिवशीच तयार ठेवावं लागतं. थोड्या वेळानं त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पाण्यात मीठ किती, ते कसं कळतं, विचारू लागल्या. मी मोजायचं यंत्र त्यांच्या डोळ्याला लावून दिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतंय बाई. तुम्ही दोघं काय करून राह्यले ते बघाय आले मी. कर तुझं तू."

रविवारी सकाळी कामाला लागलो. आधी टाकीतलं वरचं स्वच्छ पाणी टबांमध्ये काढून घेतलं. एका टबात प्रवाळ, एकात ठेवायचे खडक, एकात मासे. खडक पाण्याबाहेर राहिले तर त्यातले उपयोगी जंतू मरतात, म्हणून तेही बुडवून ठेवायचे. माशांना आधी पकडायला जाऊ नये, ते फटींत शिरतात. खडक निघाले, पाणी वीतभर उरलं, तेव्हा क्लाउनफिश आपोआप जाळीत आले. यांनी बॅटरीवरचे हवेचे पंप टबांना जोडले. मामींनी माशांच्या टबावर ताट झाकलं आणि त्याच्या शेजारी ठाण मांडलं, उडी मारून बाहेर पडले तर म्हणून.

वाळू उपसायला लागलो तसा घरभर नासक्या अंड्यांचा वास सुटला. मामींनी पदर नाकाला लावला. म्हणाल्या, गोदावरीच्या डोहातला गाळ उकरला की बिलकुल असाच वास येतो. मी बादल्या भरत होते, हे बाहेर नेत होते.

शेवटी मधला मोठा खडक उरला, लेदर कोरलचा. तो आम्ही वेगळ्या टबात ठेवला होता. प्रवाळाचा देठ सोडला तर त्याच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे ते तण. दुसरीकडे नवे खडक धुऊन तयार होते. हे त्या टबापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "एवढा ठेवू. बाकी सगळं तुझ्या मनासारखं कर."

तो ठेवला असता तर केलेलं सगळं फुकट होतं. ते यांनाही माहीत होतं. मामींनी विचारलं, काय झालं? मी त्यांना सांगितलं की प्रवाळ कापून नव्या खडकावर लावता येतं, ते जगतं. खडक मात्र टाकून द्यावा लागेल.

हे म्हणाले, "पहिल्यापासून तो मधेच आहे. तिनं ठेवलेला."

मामी ताटावरचा हात न काढता यांच्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "जावई, माझ्या लेकीनं कोणची वस्तू वर्षभर एका जागी ठिवली हो? पलंग कितींदा फिरवला तिनं ह्या घरात? तुम्हीच फोनवर सांगायचे, अंधारात गुडघा आपटला म्हणून."

हे खाली टबाकडे बघत होते. मग म्हणाले, "कपाटसुद्धा." आणि एकाएकी हसले. हसता हसता दंडानं डोळे पुसले, कारण हात खाऱ्या पाण्याचे होते. मग सांगू लागले. टाकीतले दगडही तिनं तीनदा उपसले होते. ही शेवटची रचना तर तिला आवडलीच नव्हती, माशांना मोकळं फिरता येत नाही म्हणायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत बदलू म्हणत होती, मग दवाखाने सुरू झाले.

"मंग बदला की आता," मामी म्हणाल्या.

मी हातमोजे चढवले, नवं ब्लेड काढलं. यांना ते जमणार नव्हतं, कुणी न सांगताच बाजूला झाले. मामींनी मोजे घालून प्रवाळाची टोपी दोन्ही हातांनी धरली. देठ रबरासारखा चिवट होता, कापताना बुळबुळीत पाणी सुटत होतं. मामींनी हळूच विचारलं, "दुखत असंल का गं त्याला?"

"माहीत नाही, आई," मी म्हणाले. "पण पुन्हा वाढतं ते."

आई हा शब्द कसा तोंडून गेला ते मलाच कळलं नाही. त्यांनी पकड घट्ट केली आणि म्हणाल्या, "काप मंग. थांबू नको."

टोपीचे दोन तुकडे करून छोट्या दगडांवर सैलसर रबर लावून बांधले. मग नवे आणि जुने खडक मिसळून रचताना आमची तिघांची वादावादी झाली. शेवटी दोन बाजूंना दोन ढीग आणि मधे मोकळी वाट, असं ठरलं. पाणी भरलं तर सगळं ताकासारखं गढूळ. दुसऱ्या दिवशी ते निवळलं. क्लाउनफिश त्या मधल्या वाटेनं इकडून तिकडे फिरत होते.

प्रवाळ मात्र बसून गेलं. दोन्ही तुकडे सुरकुतले, वर मेणासारखा पापुद्रा आला. हे रोज सकाळी बघायचे आणि दुकानात जायचे. मामी दोन दिवसांत जाणार होत्या, त्या राहिल्या. त्या दिवसांत मला त्यांच्या लेकीची ओळख झाली. ती हट्टी होती. तिच्या भाकरी करपायच्या. भावाशी भांडली की गच्चीवर जाऊन बसायची. फोटोतल्या त्या शांत बाईपेक्षा ही मला कितीतरी जवळची वाटली. भाजी निवडता निवडता आम्ही दोघी तिच्यावर हसायचोसुद्धा.

एके दुपारी मी जेवायला घरी आले तर मामी खुर्चीतूनच म्हणाल्या, "ये, बघ." एका तुकड्यावरचा पापुद्रा कडेनं सुटला होता आणि खालून बारीक बोटं बाहेर आली होती, एवढीएवढीशी. मी यांना फोन केला. हे दुकानाचं शटर ओढून आले आणि चपला न काढताच टाकीपुढे उभे राहिले. दुसरा तुकडाही पुढच्या आठवड्यात उमलला.

तण पुरतं गेलं असं नाही. मधेच एखादं दिसतं. ते खाणाऱ्या झिंग्यांची जोडी हे स्वतः जाऊन घेऊन आले. यंदा एक छोटा पिवळा मासाही आणायचा विचार चालू आहे.

जाताना मामी मला म्हणाल्या होत्या, "पंचमीला ये. जावयाला टाइम न्हाई भेटला तरी तू ये." माझी आई मी नोकरीला लागायच्या आधीच गेली. त्यामुळे पंचमीला कुणी मला बोलावलं नव्हतं कधी. मी रजा टाकून गेले. शहागडच्या फाट्यावर, ट्रकांच्या रांगेपलीकडे, त्या छत्री घेऊन उभ्या होत्या. शेजारी एक ओळखीची बाई होती, तिनं विचारलं ही कोण.

"माझी लेक आहे, परतूरची," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन पुढे चालू लागल्या.