मागच्या सीटवर कोण बसणार

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच बहाराला माझी मोसंबी तोडून शेतातच पडून राहिली, कारण टेम्पोवाला आला नाही. क्रेट भरून बांधावर लावलेले, तोडणीच्या बाया घरी गेलेल्या, आणि मी लिंबाखाली उभा राहून फोन लावतोय. तो आधी म्हणाला, निघालो. मग म्हणाला, लासूरला आहे. मग उचलायचंच बंद केलं. माल बाजारात उशिरा पोचला. व्यापाऱ्यानं एक फळ उचललं, अंगठ्यानं दाबलं आणि परत टाकलं. त्या दिवशी ठरवलं, आपली स्वतःची पिकअप घ्यायची.

ठरवलं खरं, पण ते सांगायला घरात कोणी नव्हतं. नात झाली तशी बायको पुण्याला लेकीकडे गेली होती. लेक-जावई दोघंही नोकरीला, बाळाला बघणार कोण? "बसायला लागलं की येते," म्हणाली होती. मग रांगायला लागलं की, मग चालायला लागलं की. मुलगा आणि सून हैदराबादला. औरंगाबादच्या सिडकोतल्या घरात मी एकटा. सकाळी उठून गंगापूरकडच्या शेतावर जायचं, संध्याकाळी परत यायचं, आणि एका माणसापुरती भाजी करायची. ती कधीच एका माणसापुरती होत नाही. उरलेली दुसऱ्या दिवशी डब्यात.

रविवारी सगळ्यांचा एकत्र व्हिडिओ कॉल असतो. त्यात मी गाडीचा विषय काढला. मुलगा लगेच म्हणाला, "नवीच घ्या पप्पा. जुन्याच्या भानगडीत पडू नका. वॉरंटी असते, डोक्याला ताप नाही." लेक म्हणाली, "पण दोन सीटची नको हं. मागं बसायला जागा असलेली घ्या. आम्ही आलो की सगळे मिळून शेतात जाऊ. बाळाला मोसंबीची झाडं दाखवू." जावई म्हणाला तसलं मॉडेल महाग असतं. मग त्यांचं ते आपसात सुरू झालं. माझी बायको स्क्रीनच्या एका कोपऱ्यात दिसत होती. मांडीवरची नात तिच्या हातातला फोन ओढत होती, त्यामुळे कधी तिचं कपाळ दिसायचं, कधी नुसता पंखा.

"तुम्हाला काय वाटतं?" शेवटी तिनं विचारलं.

"बघतो," मी म्हणालो.

शोरूममध्ये गेलो तर सेल्समननं पहिलाच प्रश्न टाकला, "काका, धंद्यासाठी का फॅमिलीसाठी?"

"दोन्ही."

"मग डबल केबिनच बघा. मागं तिघं आरामात. पाठीमागं माल बी बसतो." त्यानं मला चक्कर मारायला लावली. पायाला जागा किती आहे ते दाखवायला तो स्वतः मागच्या सीटवर बसला आणि जालना रोडनं मी गाडी चालवत असताना मागून बोलत राहिला. एसी, मायलेज, कर्ज, सर्व्हिसिंग. त्यातलं मी फारसं ऐकत नव्हतो. गाडी चालवताना मागून कोणाचा तरी आवाज येतोय, हेच बरं वाटत होतं. सिग्नलला आरशात बघितलं तर तो कॉलर सारखी करत होता.

किंमत ऐकली आणि ते बरं वाटणं संपलं. निवृत्तीचा पैसा होता, पण म्हातारपणी कर्ज डोक्यावर घ्यायचं नव्हतं. माझ्या पैशात नवी घेतली तर दोन सीटची येत होती. डबल केबिन पाहिजे असेल तर जुनी बघावी लागणार होती. म्हणजे प्रश्न नवी का जुनी एवढाच उरला नव्हता. नवी घेतली की दोघांची, जुनी घेतली की सगळ्यांची.

मी जुनी शोधायला लागलो. बाजारातल्या बऱ्याचशा गाड्या वरून रंग मारलेल्या, आत काही दम नाही. जन्मभर वाळूजच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम केलेलं, त्यामुळे मला दलाल फसवू शकत नव्हते. ते माझ्यावर वैतागत मात्र होते. शेवटी वैजापूरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या गाडीची माहिती मिळाली. डबल केबिन, एकाच घरात वापरलेली. मी फोनवर सांगितलं, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, थंड इंजिन कसं उठतंय ते मला बघायचंय.

"जशी तुमची मर्जी साहेब," तो हसून म्हणाला. "हातच लावत नाय आम्ही."

एसटीनं वैजापूरला गेलो. घर रस्त्यालाच होतं. तीन भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली त्यांची म्हातारी आई. गाडी दारात लिंबाच्या सावलीत उभी. मी बाह्या सरसावून वाकलो. खालून चेसी बघितली, टायर हातानं चाचपले, ऑइलचं झाकण काढून इंजिन चालू करायला लावलं. धूर नव्हता. आवाज स्वच्छ होता.

थोरल्या भावानं न विचारताच सांगितलं, "डावा दरवाजा बदललेला हाय. उसाच्या ट्रॉलीला घासली होती. छुपवायचं कशाला? बाकी गाडी घरच्यासारखी वापरली."

"मग विकता कशाला?"

"पुरत नाय ना आता. धंदा बी वाढला अन् घर बी. मोठी घ्यायची."

चक्कर मारायला मी चालकाच्या जागेवर बसलो, तो शेजारी. मागचे दरवाजे फटाफट उघडले आणि पोरंच पोरं आत. तो ओरडला, "उतरा रे!" मी म्हणालो, राहू द्या. गंगापूर रस्त्यानं आम्ही गेलो. मागं भांडणं, हसणं, कोणीतरी कोणाच्या पायावर पाय दिला म्हणून रडणं. एका लहान मुलीनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अंकल, हॉर्न बजाओ ना." मी वाजवला. सगळी खिदळली. म्हणून पुन्हा वाजवला. खरं सांगायचं तर क्लच कसा आहे हे बघायचं मी विसरूनच गेलो.

परत आलो तर जेवण तयार होतं. नको म्हणून ऐकणारं घर नव्हतं ते. म्हातारीनं मला आपल्या जवळ बसवलं. "औरंगाबाद में घर है? घर में कित्ते लोगां हैं?"

मी, बायको, लेक, जावई, नात, मुलगा, सून. "सात," मी म्हणालो.

"माशाअल्लाह! भरा घर है." तिनं माझ्या ताटात आणखी भाकरी टाकली. मी मान खाली घालून खात राहिलो. आत कोणीतरी बांगड्या वाजवत भांडी लावत होतं, बाहेर पोरं अजून त्याच गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. उठावंसं वाटत नव्हतं.

दोन दिवसांत कळवतो म्हणून निघालो. परतीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. मी बायकोला फोन लावला. ती हळू आवाजात बोलत होती, नात नुकतीच झोपली होती. मी गाडीचं सगळं सांगितलं. इंजिन चांगलं आहे, माणसं सरळ आहेत, मागं ऐसपैस जागा आहे.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मागच्या सीटवर कोण बसणार?"

"म्हणजे? पोरं येतील की."

"येतील. दिवाळीला येतील, नाय तर लग्नकार्याला. तेवढ्यासाठी वर्षभर रिकामी सीट घेऊन फिरणार का तुम्ही?"

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. भाजी काय केली विचारावं तशा सुरात विचारलं होतं. "तू कधी येणार?" मी विचारलं.

"ही शाळेत जायला लागली की बघू." तिकडं नात कुरकुरली. "उठली बघा. ठेवते."

लासूर स्टेशनला बस थांबली. बरीच माणसं उतरली, बरीच चढली. माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. मी पिशवी उचलून तिथं ठेवली.

पुढचे दिवस मी काहीच ठरवलं नाही. मुलाचा फोन आला की बघतो म्हणायचो. एक दिवस शेतातून येताना माझी मोटरसायकल ढोरेगावच्या अलीकडं बंद पडली. किरकोळ बिघाड होता, पण साधा पान्हा जवळ नव्हता. अंधार पडायला आलेला. फोन काढला आणि नावं वरखाली करत बसलो. लेक पुण्यात, मुलगा हैदराबादला. कंपनीतले मित्र कोणी गावी गेलेले, कोणाचे गुडघे गेलेले. नावं पुष्कळ होती, पण "जरा येतो का" असं ज्याला म्हणावं, असं एकही नव्हतं. शेवटी गाडी ढकलत हायवेवरच्या गॅरेजपर्यंत नेली.

ढकलता ढकलता मला वैजापूरचं घर आठवलं. त्यांची गाडी बंद पडली तर एक भाऊ सामान आणायला पळेल, दुसरा खाली घुसेल, पोरं मागून ढकलतील, आणि म्हातारी ओट्यावरून सगळ्यांना ओरडेल. जुन्या गाडीला माणसं लागतात. ती गाडी चांगलीच होती, तिच्यात खोट नव्हती. मीच तिच्या कामाचा नव्हतो. रस्त्यात दगा देणार नाही आणि दिला तर कंपनीचा माणूस येईल, अशी गाडी मला पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी दोन सीटची नवी पिकअप बुक करून आलो.

वैजापूरला फोन केला. नकार द्यायला उगाच ओशाळल्यासारखं झालं. थोरला भाऊ म्हणाला, "कोई बात नहीं साहेब. गाडी नाय घेतली तरी येत जा. अम्मी विचारत होती, वो भरे घर वाले आए नहीं क्या म्हणून."

दसऱ्याला गाडी ताब्यात मिळाली. शोरूममध्ये जत्रा. प्रत्येक गाडीभोवती अख्खं घर: नवी लुगडी, पेढे, कडेवरची पोरं. माझ्या गाडीला झेंडूचा हार घालून सेल्समन उभा होता. त्याच्या हातात पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली. "काका, फॅमिली येऊ द्या, मग फोटो काढू. आपल्याला घाई नाय."

"काढ," मी म्हणालो.

"येतायत ना पण?"

"पुण्याला आहेत. काढ तू."

मग त्यानं हिशेबाच्या टेबलावरच्या मुलीला आणि पाणी देणाऱ्या माणसाला बोलावून माझ्या दोन्ही बाजूंना उभं केलं. फोटोत आम्ही तिघं ती किल्ली धरून उभे आहोत. तिघंही हसतोय. लेकीनं तो फोटो बघून विचारलं, "पप्पा, हे कोण?"

शेजारच्या गाडीचं औक्षण करणाऱ्या बाईनं माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता तबक घेऊन आली. माझ्या गाडीच्या बोनेटवर कुंकवाची पाच बोटं उमटवली, मला गंध लावलं. "बहीण समजा," म्हणाली आणि आपल्या माणसांत गेली.

गाडी घेऊन बाहेर पडलो तर नेमकं कुठं जायचं ते कळेना. घरी जाऊन दाखवायची कोणाला? तशीच सरळ शेतावर नेली. शेत बघणाऱ्या वाटेकऱ्याच्या बायकोनं चहा केला. सीटवरचं प्लास्टिक बरेच दिवस तसंच होतं.

दिवाळी झाल्यावर लेकीनं रजा काढली म्हणून बायको आठ दिवसांसाठी आली. शेवटची तोडणी सुरू होती. सकाळी तिला शेजारी बसवून निघालो. वाळूज येईपर्यंत ती नातीबद्दल बोलत होती, पुढं तिचा डोळा लागला. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. शेतात पोचलो तरी ती उठली नाही. मी गाडी सावलीत लावली, दार हळूच ओढून घेतलं, आणि बायांना खुणेनं सांगितलं, आवाज करू नका. क्रेट अलगद चढवले. ती उठली तेव्हा निम्मी गाडी भरली होती.

"उठवलं का नाही?" ती चिडली.

"झोपली होतीस."

ती खाली उतरली, हौदावर तोंड धुतलं आणि पदरानं पुसत बांधावर बसली. "तिकडं मला अशी झोपच लागत नाही हो," ती म्हणाली. "सकाळी दोघं ऑफिसला जातात ते अंधार पडल्यावर येतात. मोठी बिल्डिंग, पण शेजारच्या दाराचं माणूस कोण ते माहीत नाही. दिवसभर मी अन् ती पोरगी. तिच्याशी बोबडं बोलून बोलून मला वाटतं, मोठ्या माणसासारखं बोलायचं विसरते की काय."

मी आजवर समजून चाललो होतो की एकटा पडलोय तो फक्त मीच. तिकडं माणसं आहेत, ती सुखात असेल. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. "मग ये की परत."

"अन् पोरीनं काय करायचं? नोकरी सोडायची?"

एक मोसंबी सोलून आम्ही अर्धी अर्धी खाल्ली. तिच्या वाट्याच्या फोडी संपल्यावर ती माझ्याकडच्या घेऊन खायला लागली.

आठ दिवसही पुरे झाले नाहीत. नातीला ताप आल्याचा लेकीचा फोन आला आणि दुसऱ्याच सकाळी मी तिला पिकअपमधून स्टँडवर सोडलं. पुण्याची बस लागलेली होती. खिडकीत बसून ती सांगत राहिली, फ्रिजमधलं पीठ आज संपवा, गादीला ऊन दाखवा, बीपीची गोळी चुकवू नका. मी हो हो म्हणत राहिलो. कंडक्टरनं बेल दिली. बस वळून रस्त्याला लागली तरी मी तिथंच होतो.

"ओ काका," मागून एक रिक्षावाला ओरडला, "पिकअप तुमचीये का? काढा ना, रस्ता अडलाय."

मी किल्ली काढली. मागं सकाळच्या बाजाराचे क्रेट भरलेले होते. जाधववाडीला लिलाव सुरू व्हायच्या आत पोचायचं होतं.