न उघडलेला गिअरबॉक्स

आमच्या गाडीचा गिअरबॉक्स इतकी वर्षं टिकला कसा, असं लोक अजून विचारतात. ऑटोमॅटिक गाडी, तीही दुसऱ्याने वापरून विकलेली, मीटर एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर आलेला, आणि तरी गिअर बदलल्याचं आतल्या माणसाला कळायचंही नाही. "मिस्त्रीच्या हाताला गुण आहे," आमची आत्या म्हणायची. आत्याला प्रत्येक गोष्टीचं कारण ठाऊक असायचं आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असायचं. गुण वगैरे काही नाही. तो गिअरबॉक्स भीतीने टिकला. ज्या माणसाने तो टिकवला, तो माणूस तो उघडायला घाबरत होता.

त्यांना सगळे सावकाश मिस्त्री म्हणायचे. मी मिस्त्रीकाका म्हणायचे. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस, बोलणं कमी, आणि शर्टाच्या खिशात कायम एक पांढरं फडकं. आमच्याकडे आले की आधी गाडीपाशी जायचे, मग घरात. इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, फडक्यावर टेकवायची, उजेडात धरायची आणि हुंगायची. तेल लाल असलं की ठीक. तपकिरी दिसलं की त्यांचा चेहरा पडायचा. "करपल्याचा वास आला की समजायचं, खेळ खलास," ते म्हणायचे, आणि तो वास येऊ नये म्हणून या माणसाने जिवाचं रान केलं.

गाडी आई चालवायची. घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणं, जखमा धुऊन पट्ट्या बांधणं हे तिचं काम, त्यामुळे गाडी दिवसभर फिरायची. तिचा डावा गुडघा लहानपणापासून अधू, क्लच दाबवत नसे, म्हणून बाबांनी मुद्दाम ऑटोमॅटिक शोधून आणली होती. मी चालवायला शिकले तेव्हा मिस्त्रीकाकांनी माझाही पिच्छा पुरवला. "मागे घ्यायचीय ना? मग आधी पूर्ण थांब. चाक फिरत असताना आरमध्ये टाकतेस? पळताना कुणी तुझी वेणी मागे ओढली तर कसं वाटेल?" चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरली की ओरडायचे, ब्रेक काय शोभेला दिलाय का. तेल मात्र ते कधीच एकदम बदलत नसत. "म्हाताऱ्या गिअरबॉक्सला सगळं नवं तेल सोसत नाही. झिजलेल्या चकत्यांची पूड जुन्या तेलात असते, तिच्या जोरावर त्या अजून पकड धरतात. ती धुऊन काढलीस तर उद्या गाडी जागची हलायची नाही. थोडं काढायचं, तेवढंच नवं घालायचं, काही दिवस चालवायची. सावकाश."

उतारावर गाडी लावण्याचा त्यांचा नियम तर बाबा होते तेव्हापासूनचा. तो त्यांनी आमच्या घरात पाढ्यासारखा घोकून घेतला होता. ब्रेकवर पाय, दांडा एनमध्ये म्हणजे न्यूट्रलला, मग हँडब्रेक, मग पाय उचलून गाडीचा भार हँडब्रेकवर बसू द्यायचा, आणि सगळ्यात शेवटी पी, म्हणजे पार्किंग. थेट पीमध्ये टाकलं तर अख्खी गाडी आतल्या बोटभर खिट्टीला लटकते. दातेरी चक्रात अडकून चाकं अडवणारी ती एवढीशी खिट्टी, ती बिचारी किती वर्षं सोसणार, असं त्यांचं म्हणणं.

बाबा उतारावरच गेले. आमची गल्ली मोठ्या रस्त्यावरून खाली आमच्या फाटकापर्यंत उतरते. मी तेव्हा शाळेत होते. दुपारी आई आणि बाबा बाजारातून परत आले, चालवत आई होती, बाबा फाटक उघडायला उतरले. कडी गंजलेली, ती निघेना. आई मागच्या सीटवरच्या पिशव्या घ्यायला उतरली आणि गाडी सुटली. बाबांची पाठ गाडीकडे होती. लोक धावत आले तेव्हा गाडी फाटकाच्या खांबाला टेकलेली होती आणि दांडा पीवर होता. पीमध्ये असून सुटली, म्हणजे आतलं काहीतरी गेलं, असं सगळ्यांनी धरून चाललं. "गिअरबॉक्स उघडून बघा तरी," कुणीतरी म्हणालं. आई म्हणाली, "बघून काय होणार आहे? माणूस परत येणार आहे का?" विषय तिथेच मिटला.

मिस्त्रीकाका दारात उभे राहून हे ऐकत होते. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी तोच गिअरबॉक्स उघडून सील बदलली होती. तेव्हा खिट्टीची कड त्यांना जराशी गोल झालेली दिसली होती. नवी मिळायला वेळ लागला असता आणि बाबांना गाडी लगेच हवी होती. चालेल अजून, म्हणून त्यांनी तीच परत बसवली. बाबांना सांगितलंही नाही. हे सगळं मला पुष्कळ वर्षांनी त्यांच्याच तोंडून कळलं. "तुझी आई नको म्हणाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं," ते म्हणाले. "त्या क्षणाची मला अजून शिसारी येते."

तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. गिअरबॉक्स बिघडला तर तो उघडावा लागणार, आणि उघडला की ती खिट्टी सगळ्यांसमोर येणार. म्हणून तो बिघडता कामा नये.

पीमध्ये टाकून ब्रेक सोडला की गाडी किंचित सरकते आणि आत टक् असा आवाज होतो. खिट्टी बसल्याचा. मिस्त्रीकाका डिकीवर तळवा ठेवून त्या आवाजाची वाट बघायचे. तो आला तरी हात लगेच काढायचे नाहीत. त्यांच्या घरात कुणी खिडकीची कडी लावली तरी ते दचकायचे, असं त्यांची बायको सांगायची. आईचं आणखी वेगळं. ती इंजिन बंद करून दांडा मुठीत धरून बसायची. उतरायची, काचेतून आत डोकावून अक्षर बघायची, घराच्या पायरीपर्यंत यायची आणि परत जाऊन बघायची. लहानपणी मला वाटायचं, बाबा अजून आत बसलेत आणि ही त्यांना एकटं सोडून यायला तयार नाही. त्या गाडीत मागच्या सीटवर बसायला मी कितीतरी वर्षं घाबरायचे. पण गाडी विकायचा विषय काढला की आई उठून जायची.

आत्याचा संशय भलताच होता. "तेलाचा रंग बघायला एवढ्या फेऱ्या कुणी मारतं का? लग्न झालेला माणूस आहे, लोक काय म्हणतील!" ती नाक मुरडायची. मला त्यात काही वावगं वाटत नसे. माझ्या दहावीच्या निकालाला ते आले, माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवशी मला सोडायला ते आले. बाबांचा चेहरा मला फोटोतून आठवतो. मिस्त्रीकाकांचा न बघता आठवतो.

यंदा मात्र गाडीने मान टाकली. सकाळी डीमध्ये टाकली की नुसतं इंजिन ओरडायचं, गाडी हलायलाच तयार नसायची. मिस्त्रीकाकांनी पट्टी काढली, फडकं नाकाशी नेलं आणि तिथेच जमिनीवर बसले. मलाही वास आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्कशॉपमध्ये बोलावून वर लिहिलेलं सगळं सांगितलं. सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. "आता दुसऱ्या कुणी उघडण्याआधी मी उघडतो. तू समोर हवीस. बाप तुझा होता. खिट्टी बघ, आणि मग मला काय बोलायचं ते बोल."

मला त्यांचा संताप यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचाच मला संताप आला.

आईला मी सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली. "उघडायचा नाही," ती म्हणाली. "गाडी मोडीत काढा. आहे तशी."

"अगं, पण त्यांना उघडायचाय. त्यांचा जीव अडकलाय त्यात."

"मी नाही म्हटलं ना!"

मला वाटलं, तिला सगळं आधीच कळलेलं असणार आणि ती मिस्त्रीकाकांना वाचवतेय. किती मोठ्या मनाची माझी आई, म्हणून मला भरून आलं. तिला न विचारताच मी मिस्त्रीकाकांना होकार कळवला.

त्यांनी गिअरबॉक्स उतरवून बाकावर ठेवला होता. तेल काळं पडलेलं, चकत्या जळून कोळसा झालेल्या. त्यांनी मागचं कवच काढलं आणि हात पुसत बसले. पुढे हात जाईना. "तू काढ," मला म्हणाले. मी खिट्टी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, ती डोळ्यांजवळ नेली, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग चक्राचे दात एकेक करून बोटाने चाचपले.

"दात शाबूत आहेत," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "भार असताना सुटली असती तर दात उडाले असते. कड फुटली असती. ही तर तशीच आहे."

त्यांनी ती परत जागेवर बसवली, चक्रात अडकवली, चक्राच्या आसाला लांब पाइप आडवा अडकवला आणि मला म्हणाले, "लोंबकळ." मी लोंबकळले. त्यांनीही माझ्या बाजूने अंग टाकलं. खिट्टी तसूभरही हलली नाही. तेव्हा ते हसले. तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मी नव्हतो गं. पोरी, मी नव्हतो!" मला घट्ट धरून ते हेच म्हणत राहिले, आणि मीही रडत होते. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

मग ते हसायचे थांबले. माझ्या खांद्यावरून ते दाराकडे बघत होते. आई आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, दाराच्या चौकटीला धरून.

मिस्त्रीकाका वळले. खिट्टी पुन्हा काढली, फडक्याने पुसली आणि मोठ्याने म्हणाले, "नाही, झिजलीय. पार गेलीय कड. माझीच चूक, वहिनी."

"काका, आत्ता मी लोंबकळले ना तिला!"

"तुला काय कळतं त्यातलं? गप्प बस!" ते माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा खेकसले. मला खरंच काही कळत नव्हतं. मी चिडून दोघांकडे बघत राहिले.

आई आत आली. तिने त्यांच्या हातातून खिट्टी घेतली आणि तिच्याकडे न बघताच बाकावर ठेवली.

"दांडा एनमध्ये होता, मिस्त्री," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलं होतं तसंच मी करत होते. ब्रेक, मग एन. तेवढ्यात यांनी हाक मारली, पिशव्या घे म्हणून. चाक खळग्यात होतं, गाडी उभी राहिली. मला वाटलं, सगळं झालं. मी मागचं दार आपटलं आणि ती निघाली." तिने श्वास घेतला. "लोक यायच्या आधी मी आत हात घालून दांडा पीवर ढकलला. यांच्याकडे जायच्या आधी. आधी दांडा, मग हे."

मिस्त्रीकाकांनी हातातलं फडकं बाकावर ठेवलं.

"तुम्ही यायचात, तेल बदलायचात," आई म्हणाली, "मला वाटायचं, बरं आहे, उघडावा लागत नाही. तुम्ही स्वतःला दोष देत असाल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कालपर्यंत. काल हिने सांगितलं आणि तरी मी नाहीच म्हणाले."

मिस्त्रीकाकांनी बाकावरची खिट्टी स्वतःकडे ओढली. मग हळूच म्हणाले, "राहू द्या ना माझ्याकडेच, वहिनी. इतकी वर्षं वागवलंय. आता मला जड जात नाही."

"मला जातंय," आई म्हणाली.

आणि ती खाली बसली, त्या तेलकट जमिनीवर, अधू गुडघा तसाच वाकडा ठेवून. मिस्त्रीकाकाही बाकाला टेकून रडत होते. मी दोघांच्या मधोमध उभी होते, हात काळे झालेले, आणि आधी कुणाकडे जायचं ते मला कळत नव्हतं. आई माझ्याकडे बघत होती.

मी मिस्त्रीकाकांकडे गेले. आईकडे जायला मला बरेच दिवस लागले.