डावी गिटार, उजवी गिटार

“आयक. आता येते, पाहाय.”

असं म्हणून भाऊ डोळे मिटायचे आणि एक बोट हवेत धरून ठेवायचे. इयरफोन माझ्या कानांत असायचे, बोट त्यांचं. गाणं त्यांना इतकं पाठ होतं की माझ्या कानात काय वाजतंय ते त्यांना बाहेर बसून कळायचं. बोट झपकन खाली यायचं. म्हणजे जे यायचं होतं ते येऊन गेलं. “आयकलं?” “हौ,” मी म्हणायचो. काय आलं आणि काय गेलं, मला कधी समजलं नाही. तुम्हालाही समजलं नसतं, पैजेवर सांगतो.

भाऊ बालाघाटला आमच्या कचेरीत गावनकाशांच्या नकला काढायचे. माझं टेबल त्यांच्या शेजारी. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की ते मोबाईल काढायचे आणि एकच गाणं दोन वेळा ऐकवायचे. एक एका गावच्या कार्यक्रमातलं, दुसरं दुसऱ्या गावच्या. मग विचारायचे, “कोणतं बरं?” मी एकदा पहिलं म्हणायचो, एकदा दुसरं. दोन्ही वेळा ते वाईट वाटल्यासारखे बघायचे.

ते गाणं वाजवणारा बँड अमेरिकेच्या दक्षिणेकडचा. भाऊ नुसतं ‘दक्षिणवाले’ म्हणायचे, त्यामुळे कचेरीत बराच काळ गैरसमज होता. आमच्या शिपायाने एकदा मोठ्या प्रेमाने त्यांच्यासाठी तेलुगू सिनेमातल्या गाण्यांचा पेन ड्राइव्ह भरून आणला. भाऊंनी तो सगळा ऐकला, आणि “हेबी चांगलं आहे, पण हे दुसरे दक्षिणवाले,” असं सांगून परत केला.

त्यांचे वडील तांब्याच्या खाणीवर एका परदेशी इंजिनियराच्या घरी स्वयंपाकाला होते. तो साहेब देश सोडून जाताना टेप आणि एक कॅसेट देऊन गेला. त्यात हे लोक होते, लांब केसांचे. दोन गिटारवाले, दोन ढोलवाले, गाणं वीस-वीस मिनिटांचं. “शब्द तर मले आजबी समजत नाही,” भाऊ म्हणायचे. “पण तिकडेबी नदी आहे, धान आहे, अशीच गरमी आहे. मले ते आपल्या लालबर्रा-वारासिवनीकडचेच वाटते.” पुढे इंटरनेट आलं आणि भाऊंना कळलं की जगभर त्यांच्यासारखे लोक आहेत. हे लोक जुने कार्यक्रम गोळा करतात, एकमेकांना पाठवतात आणि कोणत्या कार्यक्रमात कोणी कसं वाजवलं यावर वर्षानुवर्षं भांडतात. भाऊ मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांच्यात भांडायला लागले. त्यांचा मुख्य वैरी तिकडचाच एक म्हातारा, जन्मभर ट्रक चालवलेला. भाऊ ज्याला उत्तम म्हणतील त्याला तो भंगार म्हणायचा.

एका हिवाळ्यात कोणीतरी एक नवीन रेकॉर्डिंग शोधून काढलं. भाऊंनी बाकी सगळं बाजूला ठेवलं, महिनाभर तेवढंच ऐकलं. एक दिवस ते चेहरा लाल करून आले. “ह्या कार्यक्रमात दुसरा गिटारवाला नाहीच गा! एकटाच वाजवून राह्यला. आजवर कोनाच्याच ध्यानात नाही आलं!” त्यांनी ते इंटरनेटवरच्या त्या मंडळींना लिहून टाकलं. मंडळी हसली. ट्रकवाल्या म्हाताऱ्याने लिहिलं, कान साफ करून ये.

दुपारी त्यांनी इयरफोन माझ्यापुढे ठेवले. “तू सांग. तुले यातलं काहीच समजत नाही, म्हणून तुले इचारून राह्यलो. गिटार किती?”

मी ऐकलं. डाव्या कानात एक गिटार होती. उजव्या कानात दुसरी, तितकीच स्वच्छ. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच काहीतरी स्पष्ट ऐकू आलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. तेव्हा आठवलं, महिन्याभरापूर्वी भाऊंनी खिडकीचा वारा लागतो म्हणून खुर्ची फिरवून घेतली होती आणि तेव्हापासून मी त्यांच्या डाव्या हाताला आलो होतो. फोनही ते डाव्या कानालाच लावत होते.

“एकच,” मी म्हणालो.

काहून म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांचा चेहरा तसा होता, एवढंच. भाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि लगेच लिहिलं की आमच्या कचेरीतल्या एका निष्पक्ष माणसाने तपासून सांगितलं आहे. मग तर हसण्याला ऊत आला. भाऊ एकेकाला उत्तर देत बसले. मी चार दिवस डबा बाहेर, चहाच्या टपरीवर खाल्ला.

पाचव्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. म्हटलं, “भाऊ, इयरफोन द्या.” आणि उजव्या बाजूचा त्यांच्या डाव्या कानात घातला.

ते ऐकत राहिले. बोट वर गेलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, “आहे ना गा हा. आहे इथंच.” मग दुसरा इयरफोन उजव्या कानात घालून पाहिला, काढला, पुसला, पुन्हा घातला.

“तुले तवाच समजलं होतं?”

“हौ.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“मलेच समजलं नाही, भाऊ.”

ते गोंदियाला डॉक्टरकडे जाऊन आले. उजव्या कानाची नस गेली होती. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तर कदाचित काही करता आलं असतं. किती लवकर, ते भाऊंनी विचारलं नाही, आणि मीही त्यांना ते विचारायला सांगितलं नाही. त्या ‘लवकर’मध्ये माझे चार दिवस होते की नव्हते, हे मी अजून धरून बसलो आहे. कधी वाटतं, महिना होऊन गेला होता, चार दिवसांनी काय होणार होतं? कधी वाटतं, झालंही असतं.

भाऊंनी मला कधी बोल लावला नाही. त्यांनी मंडळींना सरळ लिहून टाकलं की गिटारी दोन आहेत, माझाच एक कान बंद आहे, निष्पक्ष माणसाचा यात दोष नाही. दोन दिवसांनी ट्रकवाल्या म्हाताऱ्याने त्यांना तोच कार्यक्रम पाठवला, दोन्ही गिटारी एकाच बाजूला मिसळून. जुन्या रेकॉर्डिंगला हात लावणं त्या लोकांत पाप समजतात, हे मला भाऊंनीच सांगितलं होतं.

भाऊंनी ते ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. “गर्दी झाली गा. कोन कोणता, समजून नाही राह्यलं.” मग आमचा नवा उद्योग सुरू झाला. ते मिसळलेलं ऐकायचे. मी मूळचं ऐकायचो, आणि डावा वाजवत असेल तर डावा हात वर करायचो, उजवा असेल तर उजवा. माझी गडबड व्हायची. “नाही, हा डावाच आहे,” भाऊ म्हणायचे. मी दोन कानांनी पुन्हा ऐकायचो. खरंच डावा असायचा.

निवृत्तीनंतर भाऊ फार दिवस राहिले नाहीत. दिवसपाणी आटोपल्यावर वहिनींनी मला बोलावलं आणि त्यांचा मोबाईल हातात दिला. “भाऊजी, त्याईच्या त्या लोकाईले कळवून द्या. वाट पाहून राह्यले असतील.”

मी तीन ओळी लिहिल्या. पाच मिनिटांत उत्तरं यायला लागली. ट्रकवाल्या म्हाताऱ्याने लिहिलं, भाऊंच्या नावाने आपण सगळे आज एकच कार्यक्रम ऐकू, आणि एक कार्यक्रम सुचवला. खाली कोणीतरी लिहिलं, तो नको, भाऊंना तो पसंत नव्हता. तिसऱ्याने तिसराच काढला. चौथ्याने तिघांनाही वेड्यात काढलं.

“काय म्हणून राह्यले?” वहिनींनी विचारलं.

“भांडून राह्यले, वहिनी. भाऊंसाठी कोणतं ऐकायचं यावरून.”

वहिनी माझ्या शेजारी खुर्चीवर टेकल्या. परक्या अक्षरांची ती वर सरकत जाणारी रांग त्यांनी थोडा वेळ पाहिली.

“मंग ठरलं का?”

“नाही अजून.”

“ठरलं का सांगजा,” त्या पदर सावरत उठल्या. “तवरिक मी भात टाकतो.”